जुनी टपरी कामास लावू या

टपरी कोणाला ठाऊक नाही? एस. टी.च्या थांब्यावर टपरी असते. शाळेजवळ असते. बाजाराच्या तोंडाशी असते. कोणी तिला खोका म्हणतो, कोणी केबिन म्हणतो. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, खाली लोखंडी सांगाडा. पुढची फळी वर उचलली की दुकान उघडले. फळी खाली पाडली की दुकान बंद झाले.

घर आणि टपरी यांत एक मोठा फरक आहे. घर जेथे बांधले तेथेच राहते. टपरी मात्र उचलून दुसरीकडे नेता येते. सहा-आठ माणसे लागतात, एखादी ट्रॉली लागते, पण नेता येते. हा तिचा गुण ध्यानात ठेवा. या धड्यात तो आपल्याला फिरून फिरून लागणार आहे.

आता आपल्या गावात एक फेरी मारा. एखादी टपरी अशी दिसेल की तिचे दार कित्येक वर्षांत उघडलेले नाही. रंग उडाला आहे. कुलूप गंजले आहे. आत कोळ्यांची जाळी आहेत आणि खाली कुत्री बसली आहेत. येणारा-जाणारा विचारतो, "हाई टपरी कोनी शे?" कोणी धड उत्तर देत नाही.

अशा टपरीचे काय करावे? भंगारात घालावी, की कामास लावावी? चला, आपण मिळून विचार करू या.

पिवळ्या टपरीची गोष्ट

ज्यांची चाळिशी उलटली आहे, त्यांना पिवळ्या टपऱ्या नक्की आठवत असतील. त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे : एस. टी. डी., आय. एस. डी., पी. सी. ओ. म्हणजे येथून परगावी फोन करता येतो, परदेशी फोन करता येतो, आणि हा फोन सर्वांसाठी आहे.

पूर्वी परगावी फोन करणे फार कठीण होते. १९८४ साली सरकारने सी-डॉट नावाची संस्था काढली. आपल्या देशातील ऊन, धूळ आणि खेडी यांना सोसेल असे टेलिफोनचे यंत्र तिने तयार केले. मग गावोगावी फोन पोहोचू लागले. घरात फोन घेणे सर्वांना परवडत नव्हते. म्हणून टपरीत फोन आला. रात्री दर कमी असे, म्हणून रात्री टपरीपुढे रांग लागे. कोणाचा मुलगा सुरतेला गिरणीत, कोणाची लेक नाशिकला दिलेली. सारे तेथून बोलत. टपरीतला माणूस यंत्रावरचे आकडे बघून पैसे घेई.

हे फोन देताना सरकारने अपंग माणसांना पुढे जागा दिली होती. बसून करता येईल असे ते काम होते. त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या.

पुढे काळ बदलला. ३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात मोबाइल फोनवरून पहिले बोलणे झाले. थोड्या वर्षांत मोबाइल खेड्यात आला. फोन खिशात आला आणि टपरीतला फोन मुका झाला. काही मालकांनी तेथे झेरॉक्सचे यंत्र ठेवले, काहींनी चहा सुरू केला. ज्यांना काही जमले नाही, त्यांच्या टपऱ्या बंद पडल्या.

म्हणून लक्षात घ्या. टपरी बंद पडते तेव्हा नुसता पत्रा गंजत नाही. कोणाची तरी रोजी बुडालेली असते. टपरीला नवे काम शोधायचे तर त्या माणसाला विसरून चालणार नाही.

नंदुरबारचे डबे

आता आपल्याच खानदेशातला एक मोठा दाखला पाहू.

नंदुरबार हे गाव तुम्हाला माहीत आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. सुरतहून जळगाव-भुसावळकडे येणारी रेल्वे नंदुरबारवरून येते. त्या नंदुरबार स्टेशनात २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात रेल्वेचे डबे येऊन उभे राहिले. ते डबे उतारूंसाठी नव्हते. त्यांचा दवाखाना केलेला होता.

रेल्वेचा डबा म्हणजे तरी काय? मोठी टपरीच ती, चाके लावलेली. दोन्हींचा गुण एकच : उचला आणि गरज असेल तेथे न्या.

कोरोनाची साथ २०२० साली आली. तेव्हा रेल्वेने जुन्या बांधणीचे पाच हजारांहून अधिक डबे रुग्णांसाठी तयार केले. त्यांत फार मोठे बांधकाम नव्हते. बदल अगदी साधे होते. मधली झोपायची फळी काढली, म्हणजे रुग्णाला नीट बसता यावे. एका संडासाची न्हाणी केली. खिडक्यांना डासांची जाळी लावली. प्राणवायूची नळकांडी ठेवायला जागा केली. पडदे लावले. एका डब्यात सोळा रुग्ण राहतील अशी सोय झाली.

पण पुढचे ऐका. २०२० साली त्यांतले बहुतेक डबे नुसते उभेच राहिले. डबे होते, पण त्यांना त्या जागी त्या वेळी मागणी नव्हती. शिवाय उन्हात पत्रा तापे, आणि आत बसवेना.

२०२१ साली दुसरी लाट आली. नंदुरबार जिल्ह्यात रुग्ण वाढले. दवाखान्यात खाटा पुरेनात. तेव्हा डबे मागविले गेले आणि ते कामास आले. वैशाखाचे दिवस जवळ आले होते. खानदेशातले ऊन म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून डब्यांना कूलर बसविले. वर छतावर ओली गोणपाटे पसरली. डबे रेल्वेचे होते, पण डॉक्टर आणि परिचारिका आरोग्य खात्याच्या होत्या. त्या नसत्या, तर डबा हा डबाच राहिला असता.

या दाखल्यातून तीन गोष्टी शिकायच्या.

पहिली गोष्ट : आधी गरज पाहावी, मग डबा न्यावा. गरज नसेल तेथे चांगला डबाही पडून राहतो.

दुसरी गोष्ट : थोडे बदल पुरतात, पण ते ज्याला आत बसायचे त्याच्या सोयीचे असावे लागतात.

तिसरी गोष्ट : नुसता डबा काम करीत नाही. आत काम करणारे माणूस लागते.

असाच आणखी एक दाखला आहे. १६ जुलै १९९१ रोजी 'जीवनरेखा' नावाची दवाखान्याची आगगाडी सुरू झाली. इंग्रजीत तिला लाइफलाइन एक्स्प्रेस म्हणतात. मुंबईची इम्पॅक्ट इंडिया ही संस्था आणि रेल्वे यांनी मिळून ती काढली. डब्यातच शस्त्रक्रियेची खोली केली. जेथे मोठा दवाखाना नाही, तेथे गाडी जाऊन उभी राहते. डोळ्यांतला मोतीबिंदू काढतात, मुलांचे फाटलेले ओठ शिवतात. पैसे घेत नाहीत. आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत जाता येत नाही, म्हणून दवाखानाच आजाऱ्याकडे जातो.

एका इंग्रजी खेड्यात

तुम्ही म्हणाल, रेल्वे सरकारची. तिच्यापाशी पैसा आहे, कारखाने आहेत. आपल्या गावाला काय जमणार? तर आता एका खेड्याचीच गोष्ट ऐका.

इंग्लंडात रस्त्यांच्या कडेला फोनसाठी लाल रंगाची लहान लहान केबिने असत. माणूस आत उभा राहून फोन करी. तेथेही मोबाइल आला आणि ती केबिने ओस पडली. २००८ साली तेथल्या टेलिफोन कंपनीने सांगितले, ज्या गावाला आपले केबिन हवे असेल त्याने ते एका पौंडाला घ्यावे. पौंड हा तेथला रुपया.

सॉमरसेट परगण्यात वेस्टबरी नावाचे एक खेडे आहे. त्या गावाला पूर्वी पुस्तकांची गाडी येत असे. ती बंद झाली. फोनचे केबिनही बंद झाले. २००९ साली गावाच्या पंचायतीने ते केबिन एका पौंडाला घेतले. लोकांनी आत फळ्या ठोकल्या आणि घरची पुस्तके आणून ठेवली. एक पुस्तक न्यायचे, आपले एक ठेवायचे. झाले वाचनालय. तेथे ना कारकून, ना शिपाई. पुढे इतर कितीतरी गावांनी तसे केले. काही गावांनी केबिनात हृदय बंद पडल्यास झटका देऊन ते सुरू करणारे यंत्र ठेवले.

पाहा, त्या गावाने आधी पुस्तकांची गाडी गमावली होती. म्हणजे गरज होती. केबिन त्या गरजेला धावून आले. नंदुरबारला झाले तेच येथे झाले.

आधी गावाला विचारा

आता आपल्या गावाकडे वळू या. समजा, गावात एक बंद टपरी आहे. पारावर लोक जमले आहेत. तेथे काय बोलणे होईल, ते मनाशी धरून पाहू.

एक तरुण म्हणतो, "आबा, आपण तिथं कॅरम ठेवू. पोरं संध्याकाळी खेळतील."

केळीवाला शेतकरी म्हणतो, "माझ्या मळ्यात द्या ना. रात्री रखवालीला बसायला सोय होईल. मोटारीचा स्टार्टर पण आत राहील."

एक म्हातारी म्हणते, "मले तं बाप्पा सावली पाहिजे. एस. टी. येते घंट्यानं. थांब्यावर ना झाड, ना पाणी. पाय भाजतात रे!"

बचत गटाच्या ताई म्हणतात, "आमचे पापड-शेवया विकायला जागा नाही. आम्हांला द्या."

भंगारवाला बाजूला उभा असतो. तो म्हणतो, "कशाला भांडता? मी आत्ता पैसे मोजतो."

आणि मग मागून एक आवाज येतो. "टपरी माझी आहे. मला कुणी विचारलंच नाही!" कुबड्या टेकीत तो माणूस पुढे येतो. बारा वर्षे त्याने त्या टपरीत फोन चालविला. आता तो भावाच्या ओट्यावर बसून असतो.

सारे गप्प होतात. सर्वांनी टपरी वाटून घेतली, आणि मालकाची आठवण कोणालाच झाली नाही!

आता न्यायाने काय करावे? तोडगा निघतो. पाहा कसा. टपरी थांब्यावर न्यावी, कारण गरज सर्वांत जास्त तेथे आहे. मालकाने तिच्यात बसावे. वह्या, पेन, बिस्किटे विकावी. बचत गटाचे पापड ठेवावे आणि विक्रीवर ठरलेला हिस्सा घ्यावा. टपरीला पुढे पत्र्याची सावली काढावी आणि बाक टाकावा. दोन रांजण ठेवून उन्हाळ्यात पाणपोई चालवावी. एका फळीवर वर्तमानपत्र आणि दहा-वीस पुस्तके ठेवावी. मुलांचा कॅरम समाजमंदिरात ठेवता येईल. त्याला टपरी कशाला? मळ्यातली रखवाली तर एका घरची गरज. थांबा साऱ्या गावाचा.

असा तोडगा तुमच्या गावात वेगळा निघेल. तुमच्या गावात कदाचित मळ्यातली खोलीच जास्त गरजेची असेल. पण विचारायची रीत हीच. गरज कोणाची, किती जणांची, आणि टपरीच्या मालकाचे काय, हे तीन प्रश्न आधी विचारावे.

बोलणे झाले की कागदावर लिहावे. आता तुम्हाला लिहिता येते. मग दुसऱ्यावर कशाला अवलंबून राहायचे? असा कागद करा :

"आज तारीख ____ रोजी आम्ही ठरविले की, श्री. ____ यांची टपरी एस. टी. थांब्याजवळ न्यावी. टपरी त्यांच्याच मालकीची राहील. दुरुस्तीचा खर्च रुपये ____ गावाने वर्गणीतून करावा. त्याच्या बदल्यात श्री. ____ यांनी ____ वर्षे पाणपोई व वाचनाची फळी सांभाळावी. हे आम्हांला वाचून दाखविले व मान्य आहे. सह्या : ____"

अंगठा नको. सही करा. सहीच्या आधी कागद स्वतः वाचा.

टपरी तपासा

टपरी जुनी आहे. ती उचलण्याआधी नीट पाहा.

खालचा सांगाडा पाहा. तोच टपरीचा पाया. हातोडीने हळू ठोका. खणखणीत आवाज आला तर लोखंड चांगले. बद्द आवाज आला, किंवा पोपडे पडले, तर ते गंजाने खाल्ले आहे. चारही कोपरे ठोकून पाहा. पावसाचे पाणी कोपऱ्यांतच साचते.

तळ पाहा. आत पाय टाकण्याआधी काठीने दाबून पाहा. साप, विंचू असतील, म्हणून दार उघडून थोडा वेळ थांबा आणि मगच आत जा. जुनी अडगळ हाताने न ओढता काठीने ओढा.

छत पाहा. आत उभे राहा आणि दार लावून घ्या. वर उजेडाचे ठिपके दिसले तर तेथे भोक आहे. मग वर बादलीभर पाणी ओतून पाहा.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. टपरीत पूर्वी काय ठेवीत होते, ते विचारा. पिकावर फवारायचे औषध ठेवीत असतील, तर तेथे खाण्याचे जिन्नस, पाणी किंवा मुले कधीही ठेवू नका. औषध फळ्यांत मुरते. धुतले तरी सारे जात नाही. तशी टपरी अवजारे ठेवायला वापरा.

जागा आणि परवानगी

टपरी हलते, म्हणून ती कोठेही ठेवावी असे नाही. गावठाणातली मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते. तेथे टपरी ठेवायची तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. परवानगी लेखी घ्या. मोठ्या रस्त्याच्या कडेची जागा रस्त्याच्या खात्याची असते. तेथे त्यांना विचारावे लागते. विचारले नाही तर ते अतिक्रमण होते. मग एक दिवस टपरी काढावी लागते, आणि सारा खर्च पाण्यात जातो.

गटारीवर टपरी ठेवू नका. वळणावर ठेवू नका, कारण गाडीवाल्याला पुढचे दिसत नाही. नाल्याच्या पात्रात तर मुळीच नको. खानदेशातले नाले उन्हाळ्यात कोरडे असतात, पण पावसाळ्यात एका रात्रीत पूर येतो. वरून विजेची तार गेली असेल, तर तिच्या खाली ठेवू नका.

टपरी कशी हलवावी

टपरीत वीज असेल तर ती आधी तोडून घ्या. हे काम परवाना असलेल्या वायरमनचे. आपण तारेला हात लावू नये.

मग टपरी रिकामी करा. दार, फळी दोराने घट्ट बांधा. चालता चालता दार उघडले तर माणूस जखमी होतो.

टपरी छताला धरून उचलू नका. छत निखळते. नेहमी खालच्या सांगाड्याला धरावे. जॅक लावून एक बाजू उचला. तिच्याखाली लाकडी ओंडके घाला. मग दुसरी बाजू उचला. नुसत्या जॅकवर उभ्या टपरीखाली हात किंवा पाय घालू नका. थोडे अंतर न्यायचे असेल, तर खाली गोल लोखंडी नळ्या टाकून ढकलता येते. लांब न्यायचे असेल, तर ट्रॉलीत चढवून दोराने बांधा.

हुकूम एकानेच द्यावा. दहा जण ओरडू लागले की घोटाळा होतो. मुलांना लांब ठेवा. वाटेत तारा कोठे खाली लोंबतात, ते आदल्या दिवशी पाहून या. ट्रॉली आणि टपरी मिळून उंची वाढते. लोखंडी टपरी तारेला लागली, तर तिला धरणाऱ्या साऱ्यांना झटका बसेल. म्हणून ही गोष्ट विसरू नका.

ऊन, पाऊस आणि वीज

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात पत्र्याची पेटी म्हणजे भट्टीच. म्हणून टपरी शक्यतो निंबाच्या सावलीत ठेवावी. समोरासमोर दोन खिडक्या कापाव्या, म्हणजे वारा खेळेल. छताला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढऱ्या रंगाने ऊन माघारी जाते. पहिल्या छतावर वीतभर जागा सोडून दुसरे छत घातले, तर फारच चांगले. मधल्या जागेतून वारा जातो आणि खालचा पत्रा तापत नाही.

छतावर पऱ्हाट्या किंवा पाचट टाकून सावली करता येते. पण आत चूल, स्टोव्ह किंवा गॅस असेल, तर ते टाकू नका. ठिणगी उडाली की सारे पेटेल.

एवढे करूनही चैत्र-वैशाखाच्या दुपारी लहान मुलांना टपरीत बसवू नका. बालवाडी सकाळी भरवा. दुपारी टपरी रिकामी ठेवा.

टपरी जमिनीला टेकवून ठेवू नका. खाली विटांचे किंवा दगडांचे खांब करून ती हातभर उंच बसवा. मग ओल लागत नाही, गंज चढत नाही, आणि खालून झाडता येते. पण कुबडीवाल्याला किंवा म्हाताऱ्या माणसाला चढता यावे, म्हणून पुढे उतरता कट्टा करा. वर वाऱ्याने टपरी उलटू नये, म्हणून चारही कोपरे जमिनीत गाडलेल्या लोखंडाला बांधा.

वीज घ्यायची तर मीटर घेऊनच घ्या. आकडा टाकू नका. तो गुन्हा आहे, आणि लोखंडी टपरीत तो जिवावर बेततो. पत्र्याला अर्थिंग करून घ्या. झटका बसण्याआधी वीज तोडणारे बटण मिळते, तेही बसवा. पावसाळ्यात ओल्या पत्र्याला हात लागला आणि माणूस दगावला, असे घडते. ते टाळणे आपल्या हाती आहे.

हिशेब करा

आता भंगारवाल्याकडे परत येऊ. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. आकडे मांडा. खालचे आकडे समजण्यासाठी आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला.

समजा, टपरीचे वजन १८० किलो आहे. भंगाराचा भाव किलोला ३० रुपये आहे. मग भंगाराचे येतील : १८० गुणिले ३० म्हणजे ५,४०० रुपये.

दुरुस्तीचा खर्च समजा असा आहे :

पत्रा : १,५०० रुपये
वेल्डिंग : ७०० रुपये
रंग आणि चुना : ८०० रुपये
तळाच्या फळ्या : १,००० रुपये
ट्रॉली आणि जॅक : १,५०० रुपये
एकूण : ५,५०० रुपये

म्हणजे टपरी कामास लावली, तर ५,५०० रुपये घालावे लागतात आणि भंगाराचे ५,४०० रुपये मिळत नाहीत. दोन्ही मिळून १०,९०० रुपये झाले. आता नवी टपरी केवढ्याला येते, ते विचारा. समजा ३५,००० रुपयांना येते. मग जुनीच दुरुस्त करणे शहाणपणाचे. पण सांगाडाच गंजला असेल आणि दुरुस्ती ३०,००० रुपयांवर जात असेल, तर जुनीचा मोह सोडा. ती भंगारात द्या आणि ते पैसे मालकाच्या हाती द्या. प्रत्येक जुनी वस्तू ठेवलीच पाहिजे, असे आम्ही म्हणत नाही. हिशेब न करता टाकू नये आणि हिशेब न करता ठेवू नये, एवढेच म्हणतो.

पुढे कोण सांभाळणार?

पहिल्या दिवशी नारळ फुटतो, फोटो निघतो. तिसऱ्या महिन्यात रांजण कोरडा पडतो. असे का होते? कारण पाणी कोणी भरायचे, ते ठरलेले नसते. 'सर्वांनी भरावे' म्हटले की कोणीच भरीत नाही. म्हणून वार ठरवून द्या. सोमवार एका आळीचा, मंगळवार दुसऱ्या आळीचा. आतल्या पत्र्यावर खडूने नावे लिहा. रांजण रोज धुवावा, वर झाकण ठेवावे, आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. हात बुडविला की पाणी नासते.

पुस्तकांसाठी एक वही ठेवा. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. चार रकाने पुरे. ही वही लिहिणे हाच तुमचा रोजचा अभ्यास. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी टपरीला रंगाचा एक हात द्या.

आणि टपरी हलते, हे विसरू नका. उद्या थांबा दुसरीकडे गेला, तर टपरीही जाईल. थांब्यावर गावाने पक्की सावली बांधली, तर टपरी शाळेजवळ नेता येईल. पुन्हा एकदा गावाला विचारा, मालकाला विचारा, कागद करा, आणि न्या.

वाचा आणि सांगा

१. घर आणि टपरी यांत कोणता फरक आहे?
२. २०२० साली रेल्वेचे बहुतेक डबे पडून राहिले, आणि २०२१ साली नंदुरबारला ते कामास आले. असे का झाले?
३. पारावरच्या बैठकीत लोक कोणाला विचारायला विसरले?
४. फवारणीचे औषध ठेवलेली टपरी पाणपोईला का चालत नाही?
५. टपरीचे वजन २०० किलो आणि भंगाराचा भाव किलोला २८ रुपये असेल, तर किती रुपये येतील?

करून पाहा

आपल्या गावात बंद पडलेल्या टपऱ्या किती आहेत, ते मोजा. प्रत्येकीचा मालक कोण, ती किती वर्षे बंद आहे, आणि तिच्या जवळ कशाची उणीव आहे, हे वहीत लिहा. पुढच्या वर्गाला वही घेऊन या. आपण सर्वांनी मिळून वाचू.